गिटार बघायची तर जुलैत बघा

वर्तकनगरकर | ५ जानेवारी, रात्री १०:४०

गेल्या जानेवारीत बायकोला शब्द दिला होता: गिटार एकच घेईन आणि नीट बघून घेईन. 'नीट बघून' हा भाग जरा जास्तच पाळला गेला. वर्षभरात चौदा गिटारी मांडीवर घेतल्या. नऊ दुकानांत, तीन मित्रांच्या, दोन विकत. त्या दोनांतली एक आता पुण्यात आहे. ती का गेली ते खाली येईलच.

माझ्याबद्दल थोडक्यात: वय ४७, वादन यथातथा. कॉलेजात गिव्हसन होती (हो, 'व'. कोलकात्याची. 'गिब्सन का रे?' हा विनोद तेव्हा रोज व्हायचा, आता तुम्ही करू नका). नोकरी लागल्यावर ती कपाटामागे गेली आणि वीस वर्षं ओल्या भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर काढली तेव्हा तारांखालून करंगळी जात होती. दोष गिटारीचा नाही, भिंतीचा आणि माझा.

तर नवीन बघायला निघालो. गोखले रोड, मग वाशी, एका शनिवारी थेट धोबीतलाव. दुकानातली पहिली अडचण म्हणजे तिथला मुलगा. तो गिटार हातात घेऊन असं काही वाजवतो की आपण गिटार नाही, त्याची बोटं विकत घ्यायला आलोय असं वाटतं. तिसऱ्या दुकानापासून मी शहाणा झालो. त्याला सांगायचं, 'बाबा, या दोन गिटारींवर एकच साधी कॉर्ड वाजव', आणि आपण भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. एकदा मला महागडी कुठली ते पाचपैकी तीनदा चुकीचं ओळखता आलं. त्या दिवशी पंधरा हजार वाचले.

मापांबद्दल मात्र कोणी तरी आधी सांगायला हवं होतं. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (अंगावर तारा जिथे अडकवतात ती पट्टी) तारेचा जो भाग वाजतो त्याला स्केल म्हणतात. फेंडर स्ट्रॅटोकास्टरची स्केल २५.५ इंच, गिब्सन लेस पॉलची २४.७५. पाऊण इंचाने काय होणार, असं मलाही वाटलं होतं. पण तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्याच तारा त्याच सुरात लावल्या तरी आखूड स्केलवर ताण साधारण ६ टक्क्यांनी उतरतो, शिवाय फ्रेटही (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जवळजवळ येतात. मित्राची लेस पॉल घेतली आणि एका बोटाने सगळ्या तारा दाबायची, वीस वर्षांत न लागलेली एफची बार कॉर्ड लागली. मित्र म्हणाला, 'जमतंय की!' मी म्हटलं, 'मला नाही, हिला जमतंय.'

अकूस्टिकमध्ये सगळे ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या, रुंद अंगाची गिटार, पुढे करतात. हे नाव ब्रिटिशांच्या १९०६ च्या युद्धनौकेवरून आलं, आणि मार्टिन कंपनीने १९१६ च्या सुमारास या आकाराची पहिली गिटार केली. नाव अगदी रास्त आहे. माझं पोट आणि ड्रेडनॉट, दोघांची एका मांडीवर सोय होत नाही. अर्ध्या तासात उजवा खांदा भरून यायचा. तरीही फेब्रुवारीत घेतली ड्रेडनॉटच, कारण आवाज. सॉलिड स्प्रूसचा टॉप, म्हणजे वरची फळी एका सलग लाकडाची, प्लाय नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा काही गुन्हा नाही. दुकानात एसी चालू, बाहेर कोरडी हवा, बाराव्या फ्रेटपासून जाड तार फक्त २.४ मिमी उंच. स्वर्ग.

जून संपता संपता गिटार जड जायला लागली. आधी वाटलं, रियाज कमी पडतोय. मग स्टीलची पट्टी लावली: ३.३ मिमी! हॉलमधला आर्द्रतामापक ८६ टक्के दाखवत होता. आमच्याकडे जुलैत बाथरूमचं दार लागत नाही, खांद्याने ढकलावं लागतं. गिटारीचंही तेच झालं होतं. लाकूड रेषेला आडवं फुगतं, रेषेच्या दिशेने जवळजवळ नाही. टॉपच्या कडा चिकटवलेल्या, आतून पट्ट्या मारलेल्या, मग फुगलेली फळी जाणार कुठे? वर. ब्रिजमागे तिला पोट आलं, ब्रिज उचलला गेला आणि तारा वर गेल्या.

हे मला आज कळतंय. तेव्हा मी काय केलं? यूट्यूब बघितलं आणि ॲलन की घेऊन ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतला दांडा, पिळला. पाव फेरा. फरक नाही. आणखी पाव. आता पहिल्या चार फ्रेटवर तारा खर्रखर्र करायला लागल्या आणि बाराव्यावर उंची जवळपास तेवढीच. म्हणजे खाली खरखर, वर डोंगर. ऑगस्टभर ती वाजवलीच नाही. नोव्हेंबरात हवा कोरडी झाल्यावर टॉप आपोआप खाली बसला, पण मान मी ताठ करून ठेवलेली, त्यामुळे आता सगळ्याच फ्रेटवर खरखर.

याच पावसात भाची नेरूळहून आमच्याकडे राहायला आली होती, तिची यामाहा एफ-३१० घेऊन. तोच हॉल, तीच ८६ टक्के हवा. तिची जूनमधली उंची २.६, जुलैअखेर २.८. लॅमिनेटेड टॉप. पातळ थर एकमेकांवर आडवेउभे चिकटवलेले, एक फुगायला गेला की दुसरा त्याला धरून ठेवतो. ज्या गिटारीला दुकानात मी 'मुलांची' म्हणून हातही लावला नव्हता, ती घरी सुरात उभी होती.

म्हणून माझं मत सांगतो, पटत नसेल तर खुशाल भांडा. फेब्रुवारीत एसी शोरूममध्ये बघितलेली गिटार म्हणजे स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरचा मुलगा. इस्त्रीचा शर्ट, मोजकं बोलणं. खरा मुलगा जुलैत कळतो. पावसाळ्यात जा, भिंतीवरची नको, गोदामातली मागा, पट्टी लावून मोजा. खाडीकाठी राहणाऱ्या, घरभर एसी नसलेल्या माणसाला सॉलिड टॉप घ्याच असं डोळे झाकून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही.

सप्टेंबरात लहान अंगाची, ६३४ मिमी स्केलची, पूर्ण लॅमिनेट गिटार घेतली. आवाज ड्रेडनॉटच्या पासंगालाही पुरत नाही, हे कबूल. पण रोज हातात येते. ड्रेडनॉट पुण्याच्या मित्राला सगळं खरं सांगून दिली. आधी एका जाणत्याकडून ट्रस रॉड सैल करून घेतला.

इतर लोक पावसाळ्यात काय करता?

सानपाडा_स्लो | ५ जानेवारी, रात्री ११:२५

लेख आवडला, वाचनखूण साठवली. पण सॉलिड टॉपला फुकट बदनाम करताय. माझी सॉलिड टॉप नऊ वर्षं सानपाड्यात आहे. वाजली की हार्ड केसमध्ये, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. पुड्यांचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत. बेडरूममध्ये डीह्युमिडिफायर, हवा ५५ च्या आसपास. गिटारवाले ४५ ते ५५ टक्के सांगतात, आपल्याकडे ६० च्या आत ठेवली तरी मी खूश.

गिटार भिंतीला अडकवायची, खिडकी उघडी ठेवायची आणि मग लाकडाला दोष द्यायचा, हे बरोबर नाही. सॉलिड टॉप वर्षं जातील तसा खुलतो. लॅमिनेट दहा वर्षांनीही पहिल्या दिवशीसारखंच वाजतं.

वर्तकनगरकर | ५ जानेवारी, रात्री ११:५०

तुमच्या बेडरूममध्ये डीह्युमिडिफायर आहे, आमच्याकडे दोरीवर वाळत घातलेले चार जणांचे कपडे आहेत. वन बीएचकेत पावसाळ्यात गिटारीसाठी वेगळं हवामान ठेवता येत नाही हो. मी सॉलिड टॉपला वाईट म्हणत नाही, त्याचा खरा खर्च किमतीच्या चिठ्ठीवर छापलेला नसतो एवढंच म्हणतोय.

'दहा वर्षांनी तेच वाजतं' हे माझ्यासाठी आश्वासन आहे.

स्क्रूड्रायव्हर | ६ जानेवारी, सकाळी ८:०५

हौशी आहे, धंदा नाही. पण आजवर बऱ्याच गिटारी उघडल्यात, म्हणून लिहितो.

वर्तकनगरकर, तुम्ही केली ती चूक दर पावसाळ्यात कोणी ना कोणी करतंच. ट्रस रॉड तारांची उंची ठरवायला नसतोच. तारांचा ताण मानेला पुढे वाकवतो, अकूस्टिकवर बारा-त्रेपन्न जाडीच्या तारांच्या सेटचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास जातो. त्याला तोंड द्यायला मानेत हा दांडा. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूने १९२१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. त्याने मानेचा बाक कमी-जास्त होतो, बस. उंची कशामुळे वाढली ते आधी शोधा.

बाक मोजायचा असा: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), मान जिथे अंगाला मिळते त्या फ्रेटवर (बहुधा चौदावा) बोट दाबा, आणि सातव्या फ्रेटवर तारेखाली फीलर गेज घाला. हा गेज गॅरेजवाल्याकडे असतो, स्पार्क प्लगचं अंतर मोजायला. ०.२ ते ०.२५ मिमी मिळालं तर मान ठीक आहे, चावीला हात लावू नका. मग स्टीलची पट्टी ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी उभी करा. दोन्ही बाजूंना फट दिसली की पोट आलंय. थोडंसं पोट चांगल्या गिटारीला असतंच, उन्हाळ्यातलं माप लिहून ठेवा म्हणजे तुलना होते.

उपाय स्वस्त आहे. दोन सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) ठेवा. एक कोरड्या हवेचं, एक पावसाळी, बुटकं. बाराव्या फ्रेटवर उंची जेवढी कमी हवी त्याच्या दुप्पट सॅडलच्या तळातून घासायचं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तुमचे २.४ चे ३.३ झाले होते. अर्धा मिमी उतरवायला सॅडल एक मिमी घासलं असतं. जूनमध्ये बदला, दिवाळीनंतर परत बदला. पुण्याला पाठवायची घाई केलीत.

वर्तकनगरकर | ६ जानेवारी, सकाळी ९:३०

दोन सॅडल! छत्री आणि रेनकोट आपण बदलतो, हे का सुचलं नाही? दंडवत.

तंबोरेवाली | ६ जानेवारी, दुपारी १:१०

गिटारीतलं मला काही कळत नाही, पण पावसाळ्याचं दुःख आमचंही तेच. माझा तंबोरा मिरजेचा आहे (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या क्लासात पेढे वाटले होते). नौपाड्यातल्या दुसऱ्या मजल्यावर जुलैत खुंट्या फुगून बसतात, पिळल्या तरी हलत नाहीत आणि हलल्या की एकदम अर्धा सूर पुढे. उन्हाळ्यात उलट, खडू लावल्याशिवाय टिकत नाहीत.

एक गंमत वाटली. तुमच्याकडे तारेने झर्र केलं की गिटार आजारी. आमच्याकडे झर्र केलं नाही की तंबोरा आजारी! जवारी, म्हणजे तो झंकार, लावून घ्यायला लोक मिरजेपर्यंत जातात आणि तुम्ही ती फुकट आलेली घालवताय.

ट्रॅफिकमधला | ६ जानेवारी, दुपारी १:४०

ट्रस रॉड पिळून जवारी आणायची नवी पद्धत. ठाणे घराणं.

अवांतर: ठाणे-वाशी लोकलमध्ये सकाळी गिटार घेऊन चढून दाखवा, मग मजबुती कळेल. मी ऐरोलीला बॅग डोक्यावर धरून उभा होतो, मागून आवाज आला, 'भाऊ, तुमचं बाळ खाली घ्या.'

मिनूची_आई | ६ जानेवारी, दुपारी ४:२०

माझी लेक नऊ वर्षांची आहे, खारघरला क्लास लावलाय. सर म्हणतात मोठीच घ्या, दोन वर्षांत पुरेल. दुकानात धरायला लावली तर तिची हनुवटी गिटारीवर आली. वरून बोटं दुखतात म्हणून रडते. काय करू?

सानपाडा_स्लो | ६ जानेवारी, सायंकाळी ५:००

ताई, दोन वर्षांनी पुरेल म्हणून आपण मुलांना मोठी चप्पल घेत नाही. तीनचतुर्थांश क्लासिकल घ्या, नायलॉनच्या तारांची. स्केल साधारण ५८० मिमी असते, मोठ्या क्लासिकलची ६५०. नायलॉनचा ताण स्टीलच्या जवळपास निम्मा, त्यामुळे बोटं तेवढी सोलवटत नाहीत. मान मात्र स्टीलवाल्यांपेक्षा रुंद असते, म्हणून तिला स्वतः धरून बघू द्या. दुकानदाराला नटकडची उंची कमी करून द्यायला सांगा, स्वस्त गिटारींत पहिल्याच फ्रेटवर तार फार वर असते आणि मुलं तिथेच कंटाळतात. फुल साइज घेतलीत तर गिटार टिकेल, मुलगी टिकणार नाही.

वर्तकनगरकर | ६ जानेवारी, सायंकाळी ५:१५

+१. आणि लॅमिनेटच घ्या, प्लीज. :)

मिनूची_आई | ६ जानेवारी, सायंकाळी ५:४५

दोघांनाही धन्यवाद. रविवारी वाशीला घेऊन जाते. सरांना काय सांगायचं ते तुम्हीच सुचवा.

डावखुरा | ६ जानेवारी, रात्री ९:५५

चौदा गिटारी! मी डावरा आहे. वर्षभरात ठाणे, मुलुंड, वाशी मिळून माझ्या हाताची एक बघायला मिळाली, तीही कोणाची तरी रद्द झालेली ऑर्डर. तिला दुकानदाराने तारा उजव्या हाताच्या क्रमाने लावल्या होत्या, आणि मलाच सांगत होता की वाजवायची पद्धत चुकतेय. उजव्या हाताची घेऊन तारा उलट्या लावा, हा सल्ला कृपया देऊ नका. सॅडल तिरकं बसवलेलं असतं, जाड तारेला थोडी जास्त लांबी मिळावी म्हणून. उलट लावली की वरचे सगळे सूर बाहेर जातात. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर जुळवून बघा, लगेच कळतं.

म्हणून मी काहीही न हाताळता ऑनलाइन मागवतो. तुमचं 'जुलैत बघा' आम्हाला लागू नाही. आम्ही कधीच बघत नाही.

स्क्रूड्रायव्हर | ६ जानेवारी, रात्री १०:२०

डावखुरा, हे खरं आहे आणि वाईट आहे. दुकानं डावी गिटार ठेवत नाहीत कारण ती खपत नाही, आणि ती खपत नाही कारण कोणाला ती दिसतच नाही.

ओला_लाकूडतोड्या | ७ जानेवारी, सकाळी ११:००

बऱ्याच गिटारींच्या फ्रेटबोर्डावर आणि मागच्या-बाजूच्या फळ्यांना जी 'इंडियन रोझवुड' लिहिलेली असते, ती आपली शिसव. डालबर्जिया लॅटिफोलिया, सह्याद्रीतही वाढणारी. आजोळच्या शिसवी कपाटाचं लाकूड आणि अमेरिकन गिटारीचं लाकूड एकच. २०१७ मध्ये जवळजवळ सगळ्या डालबर्जिया सायटिसच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि गिटारी परदेशी पाठवायला कागदपत्रं लागायला लागली. कंपन्या भराभर दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. त्या मधल्या काळातल्या बऱ्याच स्वस्त गिटारींवर रोझवुडऐवजी दुसरं फिकट लाकूड दिसतं ते त्यामुळेच. वाजण्यात मला तरी फरक ऐकू आला नाही.

ट्रॅफिकमधला | ७ जानेवारी, सकाळी ११:२०

इलेक्ट्रिकबद्दल दोनच ओळी? चौदांत किती होत्या?

वर्तकनगरकर | ७ जानेवारी, दुपारी २:१०

चार. घेतली नाही, कारण आमच्या वायरिंगवर सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा आवाज पकडणारं, एकाच वेटोळ्याचं चुंबक) गिटार लावली की फ्रीज, ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर तिघंही गाऊ लागतात. विजेच्या ५० हर्ट्झचा तो गुंजारव. हंबकर नावाच्या पिकअपमध्ये दोन कॉइल उलट्या गुंडाळलेल्या आणि चुंबकंही उलटी, त्यामुळे तारेचा आवाज जुळतो आणि बाहेरचा गुंजारव एकमेकांना खोडतो. मित्राची लेस पॉल म्हणून गप्प होती. पण तिची किंमत ऐकून मीही गप्प झालो.

पावसाचं म्हणाल तर इलेक्ट्रिकचं अंग भरीव, पोट यायला पोकळ डबाच नाही. फक्त मान हलते, तिथे ट्रस रॉड खरंच उपयोगी पडतो. तारा मात्र जुलैत तीन आठवड्यांत गंजल्या.

सानपाडा_स्लो | ७ जानेवारी, दुपारी २:३०

कोटेड (वरून पातळ थर दिलेल्या) तारा लावा. महाग असतात, पण घामाच्या हातांना आणि खाडीच्या हवेला टिकतात. वाजवून झालं की सुती फडक्याने पुसायच्या. एवढं केलं तरी पुष्कळ.

बाय द वे, लॅमिनेटवर माझं मत बदललेलं नाही.

स्क्रूड्रायव्हर | ७ जानेवारी, रात्री ८:४५

वर्तकनगरकर, एक राहिलं. त्या गिव्हसनचं काय केलंत?

वर्तकनगरकर | ७ जानेवारी, रात्री ९:००

परत कपाटामागे. ब्रिज निघायला आलाय, मान धनुष्यासारखी. भंगारवाल्याने हसून नको म्हटलं.

स्क्रूड्रायव्हर | ७ जानेवारी, रात्री ९:०५

पट्टी लावून फोटो टाका. बाजूने, बारावा फ्रेट दिसेल असा.

वर्तकनगरकर | ७ जानेवारी, रात्री ९:४०

टाकला. ६.५ मिमी. हसू नका. हॉलमध्ये आत्ता ४१ टक्के आहे, म्हणजे हा तिचा चांगला दिवस आहे.

स्क्रूड्रायव्हर | ७ जानेवारी, रात्री ९:५५

मान मला वाटलं तेवढी वाकलेली नाही, ब्रिजच उचललाय. तारा आत्ताच्या आत्ता सैल करा. मी कोलशेतला असतो, व्यक्तिगत निरोप करतो. रविवारी घेऊन या. येताना सरस आणू नका, माझ्याकडे आहे. वडापाव आणा.